लाटांवर उभं राहायचंय? सुरुवात कमरेएवढ्या पाण्यात

प्रश्न : आम्ही यावलचे. दिवाळीच्या सुट्टीत सहकुटुंब गोव्याला जाणार आहोत. नऊ आणि तेरा वर्षांच्या मुलांना सर्फिंग शिकायचंय. कळंगुट-बागाला राहावं का? गाडी कोणती सोयीची?

उत्तर : कळंगुट-बागाला गजबज भरपूर; खाणं-पिणं, बाजार, रात्रीचं फिरणं सगळं हाताशी. पण शिकाऊ मुलांसाठी ते पाणी आम्ही सुचवणार नाही. किनाऱ्यालगतच जेट स्की आणि बनाना बोटी धावत असतात. त्यापेक्षा पेडणे तालुक्यातला मोरजी, आश्वे, हरमल हा पट्टा बरा. सर्फिंगच्या शाळा तिथे आहेत आणि आश्व्याचा किनारा हळूहळू खोल होत जातो. मुक्कामही तिकडेच ठेवा, कारण शिकण्याची खरी वेळ सकाळची. शाळेच्या भूगोलातले मतलई वारे तेव्हा जमिनीकडून समुद्राकडे वाहतात आणि लाट नीट आकारात येते. दुपारी खारे वारे सुटले की पाणी विस्कटतं, नवख्याला लाट ओळखूच येत नाही.

भुसावळ किंवा जळगावहून मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस थेट मडगावला नेते. भुसावळहून गोवा एक्सप्रेसही आहे, पण ती पुणे-मिरजेवरून जाते. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. दिवाळीसाठी त्याच सकाळी बसा. मडगाव दक्षिणेला आणि आश्वे उत्तर टोकाला, तेव्हा पुढचे दीड-दोन तास आणि टॅक्सीचा खर्च हिशेबात धरा. नाताळ ते नवं वर्ष शक्यतो टाळा, भाडी फार चढलेली असतात. पावसाळ्यात तर पाण्यात उतरायचंच नाही.

प्रश्न : मुलगा तापीत पट्टीचा पोहतो. मग समुद्राची एवढी धास्ती कशाला? – शहादा

उत्तर : पोहता येतं ही जमेची बाजू, पण नदीची ओढ एका दिशेची असते आणि ती डोळ्यांना दिसते. समुद्रात किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जातंच. ते एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत जातं, त्याला रिप करंट म्हणतात. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधे गडद, लाट न फुटणारा पट्टा दिसला, तर ओढ तिथेच समजा. घात होतो तो यामुळेच, कारण लोकांना तीच जागा शांत वाटते. सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झगडू नका, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर या आणि मग वळा. जमत नसेल तर तरंगत राहून हात वर करा. बोर्ड असेल तर तो कधीच सोडू नका, तो तुम्हाला बुडू देत नाही.

लाल-पिवळ्या झेंड्यांमधल्या जागेतच पोहा, लाल झेंडा असेल तर पाणी बंद. सर्फिंगची जागा प्रशिक्षकच ठरवेल.

भरती-ओहोटीसाठी जुना हिशेब अजून कामाचा आहे: तिथीची पाऊणपट करा. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. हा अंदाज झाला, नेमकी वेळ मोबाइलवर बघा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, त्या दिवसांत लहानांना नेऊ नका. ओहोटी लागल्यावर आत जाणारी ओढ वाढते, हेही ध्यानात ठेवा.

प्रश्न : भाची बोर्डवर उभी राहते आणि लगेच तोंडावर आपटते. पोटाला ओरखडेही आले. काय चुकतंय? – धुळे

उत्तर : बोर्डचं नाक पाण्यात घुसतंय, म्हणजे ती फार पुढे झोपते. पायाची बोटं मागच्या टोकाशी येतील इतकं मागे सरकायला सांगा. फारच मागे गेली तर नाक वर उठेल आणि लाट खालून निघून जाईल. नाक पाण्याच्या जरासं वर, ही जागा सापडली की तिथेच छाती टेकेल अशी खूण लक्षात ठेवायची.

दुसरी चूक नजरेची. मुलं पायाकडे बघतात आणि वजन पुढे झुकतं. नजर किनाऱ्यावरच्या झाडावर हवी. तळवे बरगड्यांशी टेकवून एका झटक्यात उठायचं. आधी गुडघे टेकून मग उभं राहायची सवय लागली की पुढे सुटत नाही. वाळूवर वीसेक वेळा करून घ्या, मग कमरेएवढ्या पाण्यात, फुटून आलेल्या पांढऱ्या फेसावर. बोर्ड मऊ फोमचा, आठ-नऊ फुटी हवा. तोकडा बोर्ड डगमगतो. दोरी, म्हणजे लीश, मागच्या पायाला. पडताना सूर मारू नये, आडवं पडावं आणि वर येताना हातांनी डोकं झाकावं. बोर्ड कधीही स्वतःच्या आणि लाटेच्या मधे धरू नये, लाट तोच अंगावर फेकते.

ओरखडे वाळू आणि फोमच्या घासण्याने येतात. अंगाला घट्ट बसणारा लांब बाह्यांचा रॅश गार्ड घाला, सुती टी-शर्ट भिजून ओढतो.

प्रश्न : प्रशिक्षक कसा निवडावा? जेलीफिश डसला तर? – चोपडा

उत्तर : आयएसएचं, म्हणजे आंतरराष्ट्रीय सर्फिंग संघटनेचं, प्रमाणपत्र बघायला मागा आणि एका प्रशिक्षकाकडे किती मुलं हे विचारा, लहानांसाठी दोन-तीनपेक्षा जास्त नकोत. जेलीफिश डसला तर चोळू नका, गोडं पाणी ओतू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा आणि जीवरक्षकाला दाखवा. श्वास लागला किंवा चेहरा सुजला तर थेट दवाखाना गाठा.