पुरे कुठे म्हणायचं ते आधी ठरव

अगं, मेसेज वाचला. पगार वाढला, टीम लीडची ऑफर आली, मोठा फ्लॅट बघतेयस आणि तरी विचारतेस "मी मागे पडतेय का?" कोणाच्या मागे ते लिहिलंच नाहीस. वर म्हणे ताओ ते चिंग, तो लाओत्झूचा जुना चिनी ग्रंथ, वाचलं, छान आहे पण त्याने ईएमआय भरत नाही.

नीट वाच ना बाई! ६७ व्या अध्यायात लाओत्झू आपले तीन खजिने सांगतो, माया, काटकसर आणि जगाच्या पुढे पुढे न करणं. आणि लगेच म्हणतो की काटकसर आहे म्हणूनच हात सढळ ठेवता येतो. हे सगळे गाळतात आणि मग कमी हवं म्हणजे डोळे मिटून गप्प बसायचं असं समजतात. ज्याचं थोडक्यात भागतं तोच बॉसला नाही म्हणू शकतो, मैत्रिणीला अडचणीत पैसे देऊ शकतो. अर्धा पगार हप्त्यात गेल्यावर तू कोणाला नाही म्हणणार आहेस?

म्हणून म्हणतो पुरे कुठे ते आधी ठरव. ऑफर यायच्या आधी, नंतर कुणाचंच डोकं चालत नाही.

पुरे न कळण्यासारखं संकट नाही हे ४६ व्या अध्यायात आहे. १९९३ मध्ये चीनमधल्या गुओदियनच्या थडग्यात इ.स.पू. ३०० च्या आसपासच्या बांबूच्या पट्ट्या सापडल्या, त्यातसुद्धा ही ओळ आहे. तेव्हा राज्यंच्या राज्यं एकमेकांवर तुटून पडलेली, तुझ्या ऑफिसचं काय घेऊन बसलीस.

च्वांगत्झूची, त्याच ताओ वाटेवरच्या दुसऱ्या जुन्या चिनी विचारवंताची, गोष्ट आठव. पू नदीवर गळ टाकून बसलेला, चू राज्याच्या राजाने दोन अधिकारी पाठवले, राज्यकारभार सांभाळ म्हणून. त्याने मान न वळवता विचारलं, देवळात जपलेलं मेलेलं कासव व्हायचं की चिखलात शेपूट ओढत जगायचं? जा, मी चिखलातच बरा.

मलाही हेड करत होते, नको म्हणालो. घाबरला म्हणाले, सासुरवाडीत अजून म्हणतात. आईला ते शेवटपर्यंत पटलं नाही, ते बोचतं, नाही असं नाही. पण घाबरलो नव्हतो मी! मुली शाळेतून येतील तेव्हा घरी असायचं हे आधीच ठरलेलं होतं, आधीच, कळतंय का?

लीड हो हवं तर, मी अडवत नाहीये. फक्त तिथे खाली बसून ऐक, समुद्र नद्यांच्या खाली राहतो म्हणून त्या त्याच्याकडे येतात, हाही लाओत्झूचाच ६६ वा अध्याय. फ्लॅटचं टोकन मात्र थांबव. महिन्याला कितीत भागतं तो एक आकडा कागदावर लिही आणि मला पाठव. एक्सेल नको, दहा कॉलम करत बसशील.