स्वतः बनवलेलं डेमो वेब ॲप डेव्हलपर्सना दाखवून उपयोगी अभिप्राय कसा मिळवावा?

'कसं वाटलं?' विचारलंत तर 'छान' एवढंच उत्तर येईल. नेमकं विचारा: फॉर्म मोबाईलवर नीट चालतो का, शोध हळू वाटतो का. आल्या आल्या नोंदणी मागू नका, बरेच जण तिथूनच परत फिरतात. नमुना डेटा भरलेलं एक डेमो खातं देऊन ठेवा.

कोड गिटहबवर सगळ्यांसाठी खुला करणार असाल तर आधी त्यात 'एपीआय की' (दुसरी सेवा वापरण्यासाठी मिळालेली गुप्त किल्ली) राहिलेली नाही ना, ते तपासा. फाइल नंतर डिलीट केली तरी ती किल्ली जुन्या कमिटमध्ये, म्हणजे बदलांच्या साठवलेल्या नोंदीत, राहतेच. एकदा बाहेर गेली की ती रद्द करून नवीनच घ्यायची, दुसरा इलाज नाही.

मोफत होस्टिंग चालेल, पण असे सर्व्हर वापर नसताना बऱ्याचदा झोपतात. पहिलं पान उघडायला वेळ लागेल हे लिंकशेजारीच लिहा, नाहीतर बिचारं तुमचं ॲपच संथ ठरेल.