वैतरणेच्या पुलांचे फोटो: आधी पंचांग बघा, मग वेळापत्रक

आपल्या ग्रुपमधल्या विरारच्या एका नव्या सदस्याने विचारलंय की वैतरणा आणि सफाळे स्थानकांच्या मधे, वैतरणा नदीवर होणाऱ्या नव्या रेल्वे पुलांचं काम आणि धावती गाडी एकाच फोटोत कशी घ्यायची. 18-55 आणि 55-250 अशा दोन लेन्स आहेत. कुठे उभं राहायचं, किती वाजता जायचं आणि कुणी अडवेल का, हेही त्यांना हवंय.

पहिली गोष्ट, इथे गाडी दुय्यम धरा. राजधानी उद्याही येईल, परवाही येईल. पण पाण्यात उभा असलेला लोखंडी लायनर (काँक्रीट ओतण्यासाठी रोवलेलं नळकांडं), त्यात क्रेनने उतरवली जाणारी सळ्यांची जाळी, वर गर्डर (रूळ पेलणारी आडवी तुळई) न आलेला उघडा खांब, हे बघता बघता काँक्रीटखाली किंवा पाण्याखाली जातं आणि पुन्हा कोणाला दिसत नाही. विरार–डहाणू हा 64 किलोमीटरचा पट्टा चौपदरी (चार रुळांचा) करण्याच्या कामात हे 92 आणि 93 नंबरचे पूल मला सगळ्यात मोलाचे वाटतात. म्हणून फोटोची चौकट कामावर लावा आणि गाडी त्या चौकटीत येऊ द्या. गाडीमुळे खांबाची उंची किती, हे बघणाऱ्याला लगेच कळतं.

आता वेळेचं. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरात उगम पावते, वाटेत मोडकसागरसारख्या धरणांतून मुंबईला पाणी देते आणि इथवर येईतो तिची खाडी झालेली असते. तेव्हा उजेडाइतकंच भरती-ओहोटीचं बघावं लागतं. किनाऱ्यावरच्या लोकांचा जुना हिशोब अजूनही चालतो: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास. ओहोटी त्याच्या साधारण सहा तास पुढे-मागे. हा हिशोब मुंबई बंदराचा आहे. खाडीत आत पाणी उशिरा पोचतं, त्यामुळे थोडी वेळ वाढवून धरा आणि काठावर एकदा स्वतः ताडून बघा.

याचा फोटोला सरळ उपयोग होतो. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्योदयाच्या सुमाराला ओहोटी असते आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी भरपूर खाली जातं. चिखल उघडा पडतो, लायनरवर भरतीची ओली रेघ दिसते, जुन्या खांबांना चिकटलेली कालवं दिसतात. बांधकामाचे बारकावे हवेत तर हे दिवस. अष्टमीच्या आसपास सकाळी पाणी भरलेलं असतं. वारा नसेल तर गाडीचं आणि क्रेनचं प्रतिबिंब मिळतं. तो फोटो सुंदर येतो, पण त्यातून पायाच्या कामाबद्दल काहीच कळत नाही. दोन्ही घ्या, पण आधी ओहोटीचा.

पूल ढोबळमानाने उत्तर-दक्षिण आहेत. त्यामुळे सकाळी पूर्वेची बाजू, दुपारनंतर पश्चिमेची. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, म्हणून मुंबईकडे येणाऱ्या अप गाड्यांच्या तोंडावर ऊन पडतं आणि मुंबईहून जाणाऱ्या डाऊन गाड्यांचं तोंड सावलीत जातं. वंदे भारतचं पांढरं नाक फोटोत पटकन जळतं, म्हणजे नुसतं पांढरं होऊन बारकावे जातात, म्हणून एक्स्पोजर त्यावरच धरा.

बाजू निवडताना आणखी एक विचार करा. नवा पूल तुमच्या आणि चालू रुळांच्या मध्ये उभा राहत असेल, तर आज खांबांच्या फटींतून गाडी छान दिसते. वर गर्डर बसले की ती गाडी झाकली जाईल. म्हणजे त्या बाजूचे फोटो आधी उरकायला हवेत. दुसरी बाजू थांबू शकते.

जागा ठरली की ती सोडू नका. त्याच ठिकाणाहून, त्याच फोकल लेंग्थला, महिन्यातून एकदा. 55-250 वर शंभर-दीडशेच्या दरम्यान खांब एकमेकांजवळ येतात आणि गाडी त्यांच्यात नीट बसते. शटरचा साधा हिशोब: ताशी 110 किलोमीटरने गाडी सेकंदाला तीस मीटर जाते, म्हणजे 1/1000 ला तीन सेंटिमीटर. एवढं पुरतं. पण लोकलचा एलईडी बोर्ड या शटरला अर्धाच उमटतो. तो वाचता यायला हवा असेल तर 1/250 च्या खाली या आणि कॅमेरा गाडीबरोबर फिरवा. कामामुळे कॉशन (वेगावर तात्पुरती मर्यादा) लागलेला असेल आणि गाड्या हळू येत असतील तर हे खूप सोपं जातं. चालू रुळांलगतचं क्रेनचं काम ब्लॉकमध्ये, म्हणजे कामासाठी वाहतूक बंद ठेवलेल्या वेळेत होतं आणि तेव्हा गाड्या नसतात. क्रेन आणि गाडी दोन्ही हवी असेल तर ब्लॉक सुरू होण्याच्या आधीचा तास गाठा, क्रेन तोवर जागेवर आलेली असते.

काम वाचायलाही शिका. पाण्यात बार्जवरची (सपाट तराफ्यावरची) रिग, म्हणजे भोक पाडणारं यंत्र, आणि लोखंडी नळकांडी दिसली तर पाइलचा, म्हणजे जमिनीत खोल गेलेल्या काँक्रीटच्या खांबांचा पाया. काँक्रीटची जाड गोल भिंत आणि आतून गाळ उपसणारा ग्रॅब (क्रेनला टांगलेला पंजा) दिसला तर विहिरीचा पाया, तो गाळ उपसत उपसत स्वतःच्या वजनाने खाली बसवतात. हे ओळखता आलं की पुढे काय होणार ते कळतं आणि तुम्ही वेळेवर पोचता.

अडवण्याबद्दल: काठावरून घ्या, रुळांवर आणि पुलावर जाऊ नका. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 147 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. खाडीतल्या वाढीव गावाचे लोक पुलावरून चालताना दिसतील. त्यांना दुसरा रस्ताच नव्हता म्हणून ते वर्षानुवर्षं हा धोका पत्करत आलेत. आपल्याला फोटोसाठी तो पत्करायचं काही कारण नाही. कुणी हटकलं तर कॅमेरा खाली करून शांतपणे बोला. साइटवर आत जायचं असेल तर तिथल्या इंजिनियरला आधी विचारा, आणि कामगारांचे जवळून फोटो त्यांना विचारूनच घ्या. ड्रोन इथे नकोच. पंचवीस हजार व्होल्टच्या तारा आहेत, शिवाय परवानग्यांचा गुंता.

पावसाळ्यात चिखलात उतरू नका. वरून धरणाचं पाणी सोडलं आणि खालून भरती आली तर काठ ओळखू येत नाही. ऑक्टोबरपासून जा.

हे काम आटोपलं तरी याच नदीवर बघण्यासारखं बरंच आहे. मालवाहू कॉरिडॉरचा वैतरणा–जेएनपीटी हा 102 किलोमीटरचा टप्पा आहे आणि मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या मार्गावरचा सगळ्यात लांब नदीपूल, सव्वादोन किलोमीटरहून लांब, वैतरणेवरच आहे. त्याच्यासाठी आत्ताच एक वेगळा फोल्डर उघडा. फोटो टाकताना तारीख, तिथी आणि खांबावर रंगवलेला नंबर जरूर लिहा. माझ्याकडे पश्चिमेकडून घेतलेले आहेत, तुम्ही पूर्वेचे टाका, म्हणजे खांबाला खांब जुळवून बघता येईल.