कूक ठणठणीत आहे, मग स्टूल टेस्ट कशाला?

प्रश्न: डॉक्टर, गोव्यात मांद्रेला आमचं छोटं रेस्टॉरंट आहे. आमच्या कूकला मागच्या पावसाळ्यात टायफॉईड झालेला, गावी जाऊन बरा होऊन आला, आता ताप नाही, पोट ओके, दिवसभर राबतो. मेडिकलला नेला तर लॅबवाला म्हणतो स्टूल कल्चर (शौचातले जंतू वाढवून बघायची टेस्ट) पण करा. टायफॉईडची रक्ताची टेस्ट, विडाल, केली की आम्ही! आणि पॉझिटिव्ह आली तर काढायचं का त्याला, ऐन सीझनमध्ये दुसरा कुठून आणू?
– एक वाचक, पेडणे

उत्तर: ताई, लॅबवाला बरोबर बोलतोय. टायफॉईड बरा झाला तरी शंभरातल्या एक ते पाच जणांच्या पित्ताशयात त्याचे जंतू मुक्काम ठोकून बसतात, वर्षानुवर्षं, आणि माणसाला काहीच होत नाही, फक्त शौचावाटे जंतू पडत राहतात. विडालमध्ये हे कळत नाही. स्टूल कल्चरच लागतं, ते पण एकदा करून भागत नाही कारण जंतू रोज पडतातच असं नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवशी सॅम्पल द्यायचं.

न्यूयॉर्कची मेरी मॅलन माहीत असेल, स्वयंपाकीण, स्वतः धडधाकट, पण तिच्या हातच्या जेवणातून लोकांना टायफॉईड होत गेला. १९०७ मध्ये पकडली, १९१० मध्ये स्वयंपाक करणार नाही या बोलीवर सोडली, आणि १९१५ मध्ये नाव बदलून चक्क एका बाळंतपणाच्या हॉस्पिटलच्या किचनमध्ये सापडली. दुसरं काम धड मिळालं नाही की माणूस परत चुलीपाशीच येतो, तिला नुसता दोष देण्यात मला तरी अर्थ वाटत नाही.

म्हणून काढू नका हो त्याला. काढलात तर तो टेस्टचा कागद फाडून किनाऱ्यावरच्या पुढच्या शॅकमध्ये कामाला लागेल. बहुतेकदा चार आठवड्यांच्या अँटिबायोटिकच्या कोर्सने जंतू जातात (पित्ताचे खडे असतील तर अवघड, मग सर्जनला दाखवावं लागतं), तोवर बिलिंग द्या, बाजारहाट द्या, पण किचन नको. नंतरची कल्चर्स क्लिअर आली की परत घ्या.

उकळत्या हुमणात (माशाच्या आमटीत) जंतू मरतात, भीती असते ती नंतर हात लागतो त्याची. सोलकढी घ्या, नारळ हाताने पिळतो आणि गॅसवर ठेवतच नाही. किसमूर (सुक्या मासळीची कोशिंबीर), सॅलड, कापलेलं कलिंगड, बर्फ, सगळं तसंच. आणि जुलाब असलेल्याला तर किचनच्या दारात पण उभं करू नका, शिगेला नावाच्या जंतूचे दहा ते शंभर कण पोटात गेले तरी पुरतात.

बाकी स्टाफला टायफॉईडची लस द्या, वर्षाला मेडिकल आणि ही लस दोन्ही एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात आहे. टायफॉईडची साधी ‘व्ही’ (Vi) लस तीन वर्षांनी परत घ्यावी लागते. कूकच्या पोटातले जंतू मात्र लसीने जात नाहीत, तो गैरसमज नको.

एक बघा, गिऱ्हाईकांच्या टॉयलेटात लिक्विड सोप असतो आणि मागच्या स्टाफच्या संडासात नुसती बादली नि मग, असं मी कितीतरी ठिकाणी पाहिलंय. आज जाऊन बघा तुमच्याकडे काय आहे ते. आणि सोलकढी तुम्ही स्वतः काढत असाल तर मेडिकल तुमचं पण करून घ्या.