वाचकांचे प्रश्न : दोनशे चित्रपटांचे मिशेल पिकोली

प्रश्न : फ्रेंच नट मिशेल पिकोली यांनी दोनशेहून अधिक चित्रपट केले, असे वाचनात आले. एवढी कामे घेणाऱ्या नटाला चोखंदळ म्हणता येईल का? आणि देखणे फ्रेंच नायक अलँ देलाँ यांच्यासारखी लोकप्रियता त्यांच्या वाट्याला का आली नाही? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आकडा बरोबर आहे, मात्र त्यावरून त्यांनी समोर येईल ते स्वीकारले, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. पिकोली (१९२५–२०२०) यांची उमेदवारीची वर्षे रंगभूमीवर आणि बारीकसारीक भूमिकांत गेली. दिग्दर्शक गोदार यांच्या १९६३ च्या ‘ल मेप्री’ने त्यांना नाव मिळवून दिले, तेव्हा ते चाळिशीकडे झुकले होते. देखणा तरुण नायक म्हणून मिरवण्याचे वय उलटून गेले होते आणि माझ्या मते हीच गोष्ट त्यांच्या पथ्यावर पडली, कारण जपावी अशी कोणतीही प्रतिमा त्यांच्यापाशी नव्हती. त्या चित्रपटातला पटकथालेखक डोक्यावर हॅट आणि तोंडात सिगार ठेवून स्नानाच्या टबात बसतो आणि आपण अमेरिकन नट-गायक डीन मार्टिनसारखे दिसावे म्हणून हे केल्याचे सांगतो. स्वतःला असे हास्यास्पद होऊ देणे किती नायकांना रुचले असते?

त्यांचा चोखंदळपणा भूमिकांपेक्षा दिग्दर्शकांच्या निवडीत दिसतो. बुन्युएल, फेरेरी आणि क्लोद सोते यांच्याकडे ते पुन्हापुन्हा गेले. सोते यांच्या ‘ले शोज द ला व्ही’मध्ये (१९७०) मोटार अपघातानंतर गवतात पडलेला वास्तुविशारद त्यांनी साकारला आहे. भोवती माणसे जमली आहेत, त्याला बोलता येत नाही, आणि आपल्याला ऐकू येतात ते केवळ त्याच्या मनातले विचार. चेहऱ्याची फारशी हालचाल न करता पिकोली तो प्रसंग पेलतात. इटालियन दिग्दर्शक बेलोक्यो यांच्या चित्रपटासाठी १९८० मध्ये कान चित्रपट महोत्सवाने त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार दिला, पण मायदेशातला सेझार पुरस्कार अनेकदा नामांकन मिळूनही त्यांना एकदाही लाभला नाही, याचे नवल वाटते.

प्रश्न : ‘ला बेल न्वाझ्योझ’मधली चित्रे पिकोली यांनी स्वतः काढली आहेत का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही. दिग्दर्शक रिव्हेत यांच्या १९९१ च्या या सुमारे चार तासांच्या चित्रपटात कागदावर टाक खरखरत फिरवणारा जो हात जवळून दिसतो, तो चित्रकार बेर्नार द्युफूर यांचा आहे. पिकोली यांचे काम त्या हाताला शोभेल असा माणूस उभा करण्याचे होते: मॉडेलला अवघडलेल्या स्थितीत तासन्‌तास बसवणारा, तिच्यावर खेकसणारा आणि तरीही स्वतःच्या कुवतीविषयी साशंक असलेला वृद्ध कलावंत. पिकोली यांची ओळख करून घ्यायची असेल, तर या चित्रपटाआधी दिग्दर्शक मोरेत्ती यांचा ‘हाबेमूस पापाम’ (२०११) पाहावा. पोपपदी निवड होताच भेदरून जाणारे कार्डिनल त्यांनी पंच्याऐंशीच्या घरात असताना रंगवले आहेत आणि लांबीनेही तो चित्रपट नवख्या प्रेक्षकाला सोसवणारा आहे.