पहिल्यांदाच फ्री जॅझ ऐकायला निघालायस?

अरे, एक सांगतो, सम शोधत बसू नकोस. फ्री जॅझ म्हणजे ठरलेला ताल न धरता, ऐन वेळी सुचेल तसं वाजवलेलं जॅझ. व्हिजन फेस्टिव्हलला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा अर्धा तास मांडीवर बोटं मोजत होतो. शेवटी शेजारच्या बाईच हसल्या.

न्यूयॉर्कचा हा महोत्सव १९९६ पासून चालतो, आणि तो उभा केला पॅट्रिशिया निकोल्सन या नर्तकीने. बास वाजवणारे विल्यम पार्कर तिचे पती. त्यामुळे तिथे नाच शोभेपुरता नसतो.

पुढे बस, पण स्पीकरच्या तोंडाशी नको. सॅक्सोफोन किंचाळायला लागला की नर्तकीच्या पायांकडे बघ. अनवाणी टाच फळीवर खर्रकन घासते, ते ऐकून ड्रमवाला काड्या ठेवून ब्रश उचलतो. कोण कुणाच्या मागे जातंय हे कळेनासं होतं, मजा तिथेच आहे. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांचं वेगळं होतं: नाच एकाने रचायचा, संगीत दुसऱ्याने, गाठ थेट रंगमंचावर. इथे दोघं एकमेकांवर कान ठेवून असतात.

आवाज सोसला नाही तर खुशाल कानात बोळे घाल. आणि भरपेट जेवून जाऊ नकोस. दुपारचा कार्यक्रम आहे. इतक्या गोंगाटातही मला डुलकी लागली होती.