गिअर गेला तर डाव्या हाताचं काय करायचं?

गॅरेजचा ओटा : वाचकांचे प्रश्न, मिस्त्रींची उत्तरं

प्रश्न : मी अमळनेरला शिक्षक आहे. नऊ वर्षं पाच गिअरची डिझेल हॅचबॅक चालवतोय, गाडीवर जीव आहे. मुलांच्या हट्टापायी जळगावला जाऊन इलेक्ट्रिक गाडीची टेस्ट ड्राइव्ह घेतली. पळते भन्नाट, पण डावा हात नुसता मांडीवर. घरी आल्यावर बायकोने विचारलं, “गाडी चालवून आलात की लिफ्टमध्ये बसून?” खरं सांगा, चालवण्यातली मजा संपली का?

उत्तर : सर, वहिनींचं वाक्य मी दिवसभरात गॅरेजवर आलेल्या पाच जणांना ऐकवलं. पाचही हसले, आणि त्यातल्या दोघांकडे इलेक्ट्रिक गाडी आहे.

मी शिकलो केळीच्या मॅटाडोरवर. रावेर-सावद्याकडून माल भरून धुळ्यावरून पुढे मालेगावकडे जायचो. उस्ताद शेजारी बसायचा आणि स्पीडच्या काट्यावर आपला गमछा टाकून द्यायचा. “काटा नको देखू. गाडी बोलस, तू आयक.” लळिंग घाटात भरलेली गाडी चढताना इंजिन कण्हायच्या आत तिसऱ्याचा दुसरा पडला पाहिजे. गिअर जुना, कुरकुरणारा. डबल क्लच मारल्याशिवाय, म्हणजे मध्ये न्यूट्रल करून क्लच दोनदा दाबल्याशिवाय, आत जायचाच नाही. चुकलं की गाडी जागेवर उभी, मागे ट्रकांची रांग, आणि उस्तादाच्या शिव्या फुकट. सहा महिन्यांनी एक दिवस असा आला की गाडीत माल किती आहे ते मला तळपायाला कळायला लागलं. मजा तिथे सुरू झाली. ती दांडा हलवण्याची नव्हती, ओझं कळण्याची होती.

आता गिअर मुळात लागतो कशाला ते पाहा. पेट्रोल इंजिन आठशे-नऊशे फेऱ्यांवर नुसतं धुगधुगत असतं, ओढायची ताकद वर गेल्यावर येते. त्याला त्याच्या सोयीच्या फेऱ्यांत ठेवायचं म्हणून आपण दांडा हलवतो. विजेच्या मोटरला ही अडचण नाही, शून्यापासूनच तिचा पूर्ण जोर. जानेवारी २०२० मध्ये आलेल्या टाटाच्या पहिल्या इलेक्ट्रिक नेक्सॉनचा टॉर्क, म्हणजे फिरवायचा जोर, २४५ न्यूटन-मीटर होता, त्या काळच्या पेट्रोल नेक्सॉनचा १७०. आणि तो जोर वाट बघायला लावत नाही. म्हणून तुम्हाला ‘भन्नाट’ वाटलं.

मागच्या हिवाळ्यात एका गिऱ्हाइकाची अशीच गाडी घेऊन मी चाळीसगावमार्गे कन्नड घाट चढलो. पुढे कापसाचा ट्रक रांगत होता. माझा डावा हात सवयीने खाली गेला आणि पाण्याच्या बाटलीला लागला. गिऱ्हाईक हसलं. तेवढ्यात पाय दाबला आणि ट्रक मागे पडला. ना आवाज, ना दम लागणं. बॅटरी खाली फरशीत असल्यामुळे वळणावर गाडी कलंडल्यासारखी वाटत नाही, हेही आवडलं. पण पुढच्या वळणावर घाबरलो. कानाला चाळीसचा वेग वाटत होता, काटा साठच्या पुढे. इंजिनच्या आवाजावरून वेग ओळखायची तीस वर्षांची सवय तिथे आंधळी झाली. उस्तादाचा गमछा या गाडीत चालायचा नाही.

मग उतरताना वेगळीच गोष्ट हाती लागली. ॲक्सिलरेटरवरचा पाय सोडला की मोटर उलट जनरेटर होते, गाडी आवरते आणि वीज बॅटरीत परत जाते. किती सोडायचा, वळणाच्या किती आधी सोडायचा, हे जमलं तर ब्रेकला हात, म्हणजे पाय, न लावता चार-पाच वळणं एका लयीत निघतात. पाचव्या वळणाला मला लळिंग आठवला. ओझं परत तळपायाला कळत होतं.

तरी माझी जुनी मॅन्युअल गाडी मी विकणार नाही. डिसेंबरात पहाटे यावलहून चोपड्याला जाताना उजव्या हाताला सातपुडा उजळत असतो, काचा खाली, गाडी तिसऱ्या गिअरवर गुणगुणत असते. त्याला पर्याय मला मिळालेला नाही. याला हौस म्हणा, हट्ट म्हणा.

एक मात्र सांगतो. “स्टिअरिंगमध्ये जीव नाही” हा आरोप लोक इलेक्ट्रिकवर टाकतात, तो चुकीच्या आरोपीवर आहे. स्टिअरिंगला तेलाच्या पंपाऐवजी मोटर बसली तेव्हाच रस्ता हाताला लागायचा कमी झाला. पेट्रोल गाड्यांतही तेच आहे. ज्यांनी ७९६ सीसीची मारुती ८०० बिनपॉवर स्टिअरिंगची चालवलीय, त्यांना खडी आणि डांबर यातला फरक तळहाताला कळायचा. (पार्किंग करताना खांदाही कळायचा, ते कोणी सांगत नाही.)

ह्युंदाईने आयोनिक ५ एन या इलेक्ट्रिक गाडीत खोटे गिअर दिलेत. बदलताना झटका बसतो, स्पीकरमधून इंजिनाचा आवाज येतो. तुरीच्या काड्यांवर वांगी न भाजता भरतावर धुराचा वास मारावा, तसं मला वाटतं. पण खाणाऱ्याला आवडलं तर मी कोण बोलणार?

तुम्ही असं करा. दुसऱ्यांदा टेस्ट ड्राइव्ह मागा, पण शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावर नको. घरचे सगळे बसवा, एसी लावा आणि खड्ड्यांच्या रस्त्याने न्या. पाय सोडल्यावर गाडी किती आवरते ते बहुतेक गाड्यांत कमी-जास्त करता येतं, सगळे टप्पे वापरून पाहा. पहिल्या वेळी शोरूमच्या पोराने तो सगळ्यात हलका ठेवला असणार, गिऱ्हाइकाला धक्का बसू नये म्हणून. लिफ्ट तिथूनच सुरू होते. त्यानंतरही वहिनींचं मत बदललं नाही तर डिझेल आणखी चार वर्षं ठेवा. क्लच प्लेट मी बदलून देईन.

प्रश्न : शहाद्याहून लिहितो. तोरणमाळचा घाट आम्ही कायम दुसऱ्या गिअरवर उतरतो. इलेक्ट्रिक गाडीत दुसरा गिअर कुठून आणायचा? आणि चढताना बॅटरी किती खाईल?

उत्तर : आधी हिशेब. तोरणमाळ साधारण ११५० मीटर उंचीवर. शहाद्याहून चढ हजार मीटरचा धरा. गाडी, चार माणसं आणि डबे मिळून १७०० किलो धरले, तर नुसतं एवढं वजन वर उचलायलाच साडेचार युनिटांहून थोडी जास्त वीज लागते. सपाटीवर चालायला लागते ती वेगळी, एसीची वेगळी. उतरताना त्यातली बरीच परत मिळते, सगळी नाही. वर चार्जिंग मिळेल हे धरून निघू नका.

आता उतरणं. तुमचा दुसरा गिअर म्हणजे इंजिनाचा अडसर. इथे तेच काम मोटर करते. आवरण्याचा टप्पा सगळ्यात जड ठेवा. काही गाड्यांत स्टिअरिंगमागे त्यासाठी पट्ट्या असतात.

पण एक फसगत आहे आणि ती नीट वाचा. बॅटरी काठोकाठ भरली असेल तर परत येणारी वीज ठेवायला जागा नसते, म्हणून गाडी हा अडसर कमी करते किंवा बंदच करते. समजा, वर मुक्काम केला, रात्रभर प्लगला लावून शंभर टक्के भरली आणि सकाळी निघालात. पहिल्याच उतारावर पाय सोडल्यावर गाडी आवरणार नाही. सगळा भार ब्रेकवर, आणि तोही जड गाडीचा. तेव्हा वरून निघताना ऐंशी-पंच्याऐंशीच्या वर भरू नका. ब्रेकच्या लायनरचा जळका वास आला तर कडेला थांबा, निवू द्या, चाकावर पाणी ओतू नका.

पेट्रोल-डिझेलवाल्यांसाठी एवढंच : न्यूट्रल करून उतरणारे अजून भेटतात. अर्धा चहाही होत नाही एवढं पेट्रोल वाचवायला अख्खा घाट ब्रेकवर सोपवतात.

प्रश्न : मुलगी अठराची झाली. भुसावळला मैत्रिणी थेट ऑटोमॅटिकवर शिकताहेत. तिला मॅन्युअल शिकवावं की नको? तिचे वडील म्हणतात, नको ती कटकट.

उत्तर : शिकवा, ताई. तिला आयुष्यभर क्लच दाबायला लागेल म्हणून नाही. रात्री अकराला मामाची तब्येत बिघडली आणि दारात मॅन्युअलच गाडी उभी असली, तर किल्ली तिला घेता यावी. पंधरा दिवसांचं काम आहे. वडिलांना मात्र शेजारी बसवू नका.

प्रश्न : माझ्या एएमटी गाडीला गिअर बदलताना डुलकी लागल्यासारखा झटका बसतो. दुरुस्ती काय? – नंदुरबार

उत्तर : एएमटी म्हणजे साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स. क्लच आणि दांडा माणसाऐवजी यंत्र हलवतं. २०१४ च्या मारुती सेलेरिओपासून तो आपल्याकडे रुळला. तुम्ही पाय दाबूनच ठेवता आणि ते बिचारं मध्येच क्लच सोडवतं, म्हणून डुलकी. गिअर पडायच्या वेळी पाय जरासा उचला, निम्मा झटका जाईल. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरू नका, ब्रेक लावा. आत क्लचच आहे आणि तो जळतो. एवढं करूनही झटका राहिला तर घेऊन या.

मागच्या अंकातली चूक : मी लिहिलं होतं, इलेक्ट्रिक गाडीत गिअरच नसतो. चोपड्याच्या एका आयटीआय विद्यार्थ्याने पोस्टकार्डावर आकृती काढून पाठवली आहे. मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते, चाक तेवढे घेत नाही, म्हणून मध्ये वेग उतरवणारा एक कायमचा गिअर असतोच. रिव्हर्सला वेगळा नसतो, मोटरच उलटी फिरते. पोराचं बरोबर आहे. आकृती गॅरेजच्या भिंतीवर चिकटवली आहे, पुढच्या सुट्टीत येऊन त्याने बाणांची दिशा तेवढी दुरुस्त करून द्यावी.